सासरचा पासपोर्ट

फलटण म्हटलं की आपल्यासारख्या पुण्या-मुंबईच्या लोकांना दोन-तीन गोष्टी पटकन आठवतात. श्रीरामाचं देऊळ, नाईक निंबाळकरांचा राजवाडा, आणि शिवाजी महाराजांची सासुरवाडी. सईबाई फलटणच्या. १६४० साली लग्न होऊन त्या पुण्याला आल्या. महाराजांची आजी, म्हणजे मालोजीराजांची पत्नी, तीही निंबाळकरांचीच लेक. थोडक्यात, भोसले आणि निंबाळकर यांची सोयरिक दोन-तीन पिढ्यांची.

आता गंमत बघा. फलटणहून पुण्याला यायचं म्हणजे नीरा ओलांडायची, एका घराण्याच्या मुलखातून दुसऱ्याच्या जहागिरीत शिरायचं. पण सईबाईंना कुणी कागद विचारला नसणार. लग्न हाच कागद. 'दिल्या घरी सुखी रहा' म्हटलं की विषय संपला. मुलगी कुठली? तर सासरची. नाव सासरचं, कुळ सासरचं, देवही सासरचे. माहेर उरतं ते सणापुरतं आणि बाळंतपणापुरतं.

ही रीत जुन्या घराण्यांची होती आणि आता आपण सुटलो, असं आपल्याला वाटतं. पण तसं नाहीये. विसाव्या शतकात मोठमोठ्या लोकशाही देशांनी हीच 'दिल्या घरी'ची रीत उचलून चक्क कायद्याच्या पुस्तकात घातली होती, आणि तिचे तुकडे आजही आपल्या व्हिसाच्या फॉर्मवर सापडतात. ते शोधायला लंडन-वॉशिंग्टनचा इतिहास चाळावा लागतो हे खरं, पण सुरुवात फलटणपासूनच करता येते. कारण फलटणशी नाव जोडलं गेलेली आणखी एक सोयरिक आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे.

फलटणमध्ये 'कमला निंबकर बालभवन' नावाची शाळा आहे. १९८६ साली सुरू झाली. मराठी माध्यमाची आणि मुलांना खरोखर वाचायला-लिहायला शिकवणारी म्हणून शिक्षणक्षेत्रातले लोक तिचं नाव आदराने घेतात. ('निंबाळकर' नव्हे बरं का, 'निंबकर'. दोन्ही आडनावं फलटणमध्ये ऐकू येतात आणि बाहेरचे लोक हमखास गोंधळतात.) शाळेवर जिचं नाव आहे ती कमला जन्माने कमला नव्हती आणि निंबकर तर नव्हतीच. तिचं नाव एलिझाबेथ लंडी. जन्म १९००, अमेरिकेतल्या क्वेकर पंथाच्या कुटुंबात. १९३० साली तिने विष्णू निंबकर या मराठी माणसाशी लग्न केलं, हिंदुस्थानात आली, कमला झाली आणि आयुष्यभर इथलीच राहिली.

आपल्या भाषेत सांगायचं तर नवऱ्याच्या देशात राहायला आलेली बायको. स्पाउस. डिपेंडंट!

हा 'डिपेंडंट' शब्द आपल्या धंद्यात आपण रोज वापरतो. एक पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून, ते बदललं की हेही मोडणार वगैरे. पण तोच शब्द माणसाच्या पासपोर्टवर चिकटलेला दिसतो तेव्हा त्याचा इतिहास काय, हे बघायला हवं. तर या वीकेंडला तेच बघू. १९३० साली एखाद्या अमेरिकन बाईने हिंदुस्थानी माणसाशी लग्न केलं, तर कायद्याच्या लेखी तिचं नेमकं काय होत असे?

आधी अमेरिकेची बाजू.

२ मार्च १९०७ ला अमेरिकेने एक कायदा केला. त्यातलं एक कलम असं की परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईला नवऱ्याचं नागरिकत्व लागू होईल. म्हणजे तिचं अमेरिकन नागरिकत्व गेलं. अर्ज नाही, सुनावणी नाही, सही नाही. लग्न लागलं की आपोआप. ती देश सोडून गेली नसली तरी.

ज्यांना डेटाबेस कळतो त्यांच्यासाठी: बायकोच्या ओळीत नागरिकत्वाचा स्वतःचा रकानाच नव्हता. तिथे फक्त नवऱ्याच्या ओळीकडे बोट दाखवणारी 'फॉरेन की' होती. (या संदर्भात हा शब्द किती चपखल आहे पहा.)

यावर भांडायला एक बाई उभी राहिली. एथेल मॅकेन्झी, कॅलिफोर्नियाची. तिथेच जन्मलेली, तिथेच राहणारी. नवरा स्कॉटिश. कॅलिफोर्नियात बायकांना मताचा हक्क मिळाला १९११ साली आणि तो मिळावा म्हणून ती स्वतः झटली होती. मग ती सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली, तर अधिकारी म्हणाले, बाई, तुम्ही अमेरिकन नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९१५ साली ती हरली. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की परदेशी माणसाशी लग्न केलं तर काय होतं हे तुला माहीत होतं, तरी तू केलंस, म्हणजे तू आपणहून नागरिकत्व सोडलंस. कुणाशी लग्न करायचं हा तुझा निर्णय. त्याची किंमत काय हा आमचा!

इंग्लंड वेगळं नव्हतं. १९१४ च्या ब्रिटिश कायद्यात एका ओळीत दोन्ही बाजू मिटवल्या होत्या. ब्रिटिश प्रजाजनाची बायको ती ब्रिटिश प्रजाजन, परक्याची बायको ती परकी.

१९२० मध्ये अमेरिकन बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला. मग त्यांनी पहिल्या काही गोष्टी मागितल्या त्यात आपलं नागरिकत्व आपल्याकडे ठेवायचा हक्क होता. २२ सप्टेंबर १९२२ ला केबल कायदा आला आणि अमेरिकन बाईचं नागरिकत्व नुसत्या लग्नामुळे जायचं बंद झालं. झालं ना काम? नाही. आत एक अपवाद लपलेला होता. नवरा जर 'नागरिकत्वाला अपात्र' परदेशी असेल, तर बाईचं नागरिकत्व जाणारच.

हे 'अपात्र' कोण? त्या काळात अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायला अर्जदार एक तर 'गोरा' किंवा आफ्रिकन वंशाचा असावा लागे. नोव्हेंबर १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ओझावा खटल्यात जपानी माणसाला अपात्र ठरवलं. हिंदुस्थानी लोकांचं काय हा प्रश्न काही महिनेच लोंबकळला. फेब्रुवारी १९२३ मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबी शीख माणसाच्या खटल्यात निकाल लागला. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. तरीही कोर्टाने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून तो अपात्र.

आता दोन्ही नियम एकत्र लावा. केबल कायदा अधिक थिंदचा निकाल. म्हणजे १९२३ नंतर अमेरिकन मुलीने इंग्रजाशी, फ्रेंचाशी, जर्मनाशी लग्न केलं तर ती अमेरिकन राहते. हिंदुस्थानी माणसाशी केलं तर राहत नाही. आधीचा कायदा निदान सगळ्या परदेशी नवऱ्यांना सारखा वाईट होता. या सुधारलेल्या कायद्याने वाईटपणा रंगानुसार वाटून दिला.

याचा फटका बसलेलं सगळ्यात गाजलेलं जोडपं म्हणजे तारकनाथ दास आणि मेरी दास. तारकनाथ दास बंगाली क्रांतिकारक, १९१४ साली अमेरिकन नागरिक झालेले. मेरी मॉर्स जन्माने अमेरिकन, वर्णद्वेषाविरुद्धच्या चळवळीत काम केलेली. १९२४ साली दोघांनी लग्न केलं. थिंद निकालानंतर सरकार हिंदुस्थानी लोकांना आधी दिलेलं नागरिकत्वही काढून घ्यायला निघालं होतं, त्यामुळे दास सरकारच्या लेखी 'अपात्र'. आणि ते अपात्र म्हणून मेरीला पासपोर्ट नाही. पिढ्यान्पिढ्या अमेरिकेत राहिलेल्या बाईला ती अमेरिकन नाही असं सांगण्यात आलं.

हा अपवाद रद्द झाला ३ मार्च १९३१ ला.

एलिझाबेथ लंडीचं लग्न १९३० चं. म्हणजे हा अपवाद अजून जिवंत होता तेव्हाचं. ज्या मताच्या हक्कासाठी तिच्या आधीच्या पिढीने सत्तर-बहात्तर वर्षं चळवळ केली, तो १९२० मध्ये मिळाला, आणि दहाच वर्षांनी हिंदुस्थानी माणसाशी लग्न करणाऱ्या मुलीकडून तो काढून घ्यायची सोय कायद्यात होती. माहेरी परत जायचं तर परदेशी म्हणून. 'दिल्या घरी सुखी रहा' याचं इतकं कोरडं, सरकारी भाषांतर दुसरं नसेल.

आणि सासरकडून काय मिळत होतं?

नवरा ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेला असेल तर तो ब्रिटिश प्रजाजन, त्यामुळे १९१४ च्या कायद्यानुसार बायकोही ब्रिटिश प्रजाजन. म्हणजे जे तिकडे गेलं त्याच्या बदल्यात इकडे आपोआप काहीतरी मिळालं. पण यातही एक गोम होती आणि ती फलटणला नेमकी लागू पडते. फलटण हे ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतं, ते संस्थान होतं. नाईक निंबाळकरांचं राज्य, मुंबई प्रांतात विलीन झालं ते मार्च १९४८ मध्ये. संस्थानात जन्मलेला माणूस ब्रिटिश 'प्रजाजन' नव्हे, तर 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती'. बारामतीत जन्मलेला एक दर्जाचा, आणि तिथून तीसेक किलोमीटरवर फलटणमध्ये जन्मलेला दुसऱ्याच दर्जाचा! १९१४ चा नियम प्रजाजनाच्या बायकोबद्दल बोलतो, संरक्षित व्यक्तीच्या बायकोबद्दल नाही. तेव्हा १९३० मध्ये एखाद्या अमेरिकन मुलीने फलटण संस्थानातल्या मुलाशी लग्न केलं असतं, तर तिचं अमेरिकन नागरिकत्व गेलं असतं आणि ब्रिटिश प्रजाजनत्व मिळालं नसतं. फॉरेन की आहे, पण ती ज्या ओळीकडे बोट दाखवते ती ओळच रिकामी. आपल्याकडे याला 'नल पॉइंटर' म्हणतात आणि प्रोग्राम कोसळतो. माणसांच्या बाबतीत काही कोसळत नाही, फक्त ती खिडकीपाशी उभी राहतात.

इथपर्यंत वाचून वाटेल की कमलाबाईंची गोष्ट म्हणजे अन्यायाची गोष्ट. पण ती तशी नाही, आणि म्हणूनच मला ती सांगावीशी वाटली.

कायद्याने तिच्या कागदाचं काहीही करो, इथे आल्यावर 'तू काम करायचं नाहीस' असा शिक्का तिच्यावर कुणी मारला नव्हता. ती मुंबईत राहिली. घर, मूल, नवी भाषा, नवा स्वयंपाक हे सगळं आलंच. चाळिशी उलटल्यावर, १९४० च्या दशकात, तिने अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं आणि शिकून परत आली ती इथे.

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे काय, हे घरात कुणाला पक्षाघात झालेला असेल तर माहीत असेल. आजार किंवा अपघातानंतर माणूस वाचतो, पण शर्टाचं बटण लावता येत नाही, घास तोंडापर्यंत जात नाही, सही करता येत नाही. औषधाने जे होत नाही ते हाताला परत काम शिकवून करायचं. लहान मुलांना पोलिओ होत असे त्या काळात या कामाची गरज किती होती हे वेगळं सांगायला नको. आणि हे काम शिकवणारी एकही संस्था तेव्हा आपल्या देशात नव्हती.

१९५० साली कमलाबाईंनी परळच्या के. ई. एम. हॉस्पिटलमध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. भारतातली पहिलीच, आणि आशियातली पहिली म्हणूनही तिचं नाव घेतलं जातं. १९५२ साली या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, त्यात त्या पुढे होत्या. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला, त्याच्या पहिल्या दहा सदस्य देशांत भारताचं नाव आहे. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झालेला देश, हा व्यवसाय देशात येऊन दोन वर्षं झालेली, आणि थेट संस्थापकांच्या यादीत. पुढे नागपुरातही शाळा निघाली. कमलाबाई १९७९ साली गेल्या. आज देशात हजारोंनी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत, त्या सगळ्यांची वंशावळ मागे नेत गेलं की एका 'डिपेंडंट'पाशी पोचते.

फलटणशी त्यांचं नाव जोडलं गेलं ते पुढच्या पिढीमुळे. मुलगा बनबिहारी निंबकर शेतीतला माणूस. त्यांनी फलटणला बियाण्यांचं, शेतीसंशोधनाचं काम उभं केलं आणि १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था काढली. २००६ साली पद्मश्री मिळाली. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या पत्नी जाई निंबकर, लेखिका, इरावती कर्व्यांच्या कन्या. आणि पुढच्या पिढीत सोयरिकीची दिशाच उलटली. नंदिनी निंबकरांशी लग्न झालेले अनिल राजवंशी हे आय. आय. टी. कानपूरचे, मग फ्लोरिडात शिकलेले इंजिनिअर, १९८१ साली अमेरिका सोडून फलटणला आले आणि तिथेच संशोधन करत राहिले. बायकोच्या गावी राहायला आलेला नवरा! ते भारतीयच असल्यामुळे व्हिसाचा प्रश्न आला नाही, पण आले नसते तर? किंवा ते परदेशी असते तर?

हा प्रश्न उगाच नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात लग्नामुळे नोंदणी करून नागरिक व्हायची सोय होती, पण ती फक्त भारतीय पुरुषांच्या परदेशी बायकांना. भारतीय बाईच्या परदेशी नवऱ्याला नाही. कायद्यात शब्दच 'स्त्रिया' असा होता. म्हणजे आपणही स्वतंत्र झाल्यावर पहिल्या फटक्यात 'दिल्या घरी'च लिहिलं. सून आली तर आपली, जावई आला तर पाहुणा. १९८६ च्या दुरुस्तीने तिथे 'व्यक्ती' असा शब्द आला. त्याच वेळी पाच वर्षं राहायची अट आली आणि २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षं झाली.

फलटणमध्ये याला जोडूनच आणखी एक बाई आठवते, लग्नाच्या दारातून न आलेली. मॅक्सीन बर्नसन. अमेरिकन. फलटणच्या मराठी बोलीत जातीप्रमाणे, शिक्षणाप्रमाणे कसा फरक पडतो यावर त्यांनी डॉक्टरेट केली. जाई निंबकरांबरोबर परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तकं लिहिली. फलटणलाच राहिल्या, १९७८ साली भारताच्या नागरिक झाल्या, १९८४ मध्ये 'प्रगत शिक्षण संस्था' काढली आणि दोन वर्षांनी शाळा. तीच ही शाळा, कमला निंबकर बालभवन.

म्हणजे एका अमेरिकन बाईने काढलेल्या मराठी शाळेला दुसऱ्या अमेरिकन बाईचं नाव. एक लग्नाच्या नात्याने आली, दुसरी भाषेच्या. दोघींच्या हातून जे घडलं ते दार कुठलं यामुळे नाही, आत आल्यावर काम करायला मिळालं यामुळे.

आता उलट्या दिशेने जाणाऱ्यांचं बघू, म्हणजे आपल्या मुलींचं.

जानेवारी १९७९. लंडनचा हीथ्रो विमानतळ. एक भारतीय शिक्षिका, वय ३५, तिकडे राहणाऱ्या वाग्दत्त वराशी लग्न करायला आली. तेव्हाचा ब्रिटिश नियम असा की लग्न झालेल्या बायकोला आधी परवानगी काढून यावं लागे, पण लग्नासाठी येणाऱ्या वाग्दत्त वधूला व्हिसा लागत नसे. अधिकाऱ्यांना संशय आला की हिचं लग्न आधीच झालेलं असणार. मग तिची विमानतळावर कौमार्याची तपासणी केली. पुरुष डॉक्टरने. बातमी फुटल्यावर दोन्ही देशांत संताप उसळला आणि हा प्रकार थांबवावा लागला. कागदावर विश्वास नसला की शेवटी तपासणी बाईच्या शरीराची होते, हे त्यातून दिसलं. नंतर इंग्लंडने मोजायचं परिमाण बदललं. २०१२ पासून जोडीदाराला बोलावणाऱ्याची वार्षिक कमाई किमान १८,६०० पौंड हवी असा नियम आला, एप्रिल २०२४ मध्ये तो आकडा २९,००० वर नेला. पण एक मान्य करायला हवं, तिथे जोडीदाराचा व्हिसा मिळाला की काम करता येतं.

अमेरिकेचं तसं नाही. एच-४ हा आपल्याकडे घरोघरी माहीत असलेला व्हिसा १९७० च्या कायद्यातून आला. तात्पुरत्या कामासाठी आलेल्याने बायको-मुलांना सोबत आणावं, पण त्यांनी काम करू नये, अशी कल्पना. दोन-तीन वर्षांच्या कामासाठी ते ठीकही असेल. पण १९९० मध्ये एच-१बी आला, आपले लोक हजारोंनी गेले, आणि ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी इतकी लांबली की 'तात्पुरतं' म्हणजे पंधरा-वीस वर्षं झालं. तेवढा काळ बायकोने (क्वचित नवऱ्याने) काय करायचं? कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, तो नाही म्हणून पुढची निम्मी कामं अडलेली. पुण्यात टीम लीड असलेली मुलगी, परळला निवासी डॉक्टर असलेली मुलगी, तिकडे 'डिपेंडंट'. आपल्यापैकी प्रत्येकाच्या मैत्रिणींत अशी एक तरी आहे. २६ मे २०१५ पासून एच-४ वाल्यांपैकी काहींना काम करायची परवानगी मागता येऊ लागली, तीही जोडीदाराचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठराविक टप्प्याला पोचलं असेल तरच. पुन्हा तीच फॉरेन की. तिला काम मिळेल का हे त्याच्या फाइलवर अवलंबून.

आणि आपण दुसऱ्यांना नावं ठेवताना आपलंही पाहू. आज परदेशी जोडीदाराला भारतात राहायला एंट्री व्हिसा मिळतो. लग्न नोंदवून सलग दोन वर्षं टिकलेलं असेल तर ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. २०१५ च्या दुरुस्तीने ही सोय झाली आणि ती चांगली आहे. त्यावर राहता येतं, काम करता येतं. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (म्हणजे निंबकरांच्या फलटणला येऊन शेती करायची तर अडचणच). आणि त्याच कायद्यात हेही आहे की लग्न कोर्टाने मोडलं तर जोडीदार म्हणून मिळालेलं ओसीआयही रद्द होऊ शकतं. 'ऑन डिलीट कॅस्केड'. नवऱ्याची किंवा बायकोची ओळ काढली की दुसरीही गेली. इथे वीस वर्षं घालवलेल्या, इथे मुलं वाढवलेल्या माणसाला एका घटस्फोटाने पुन्हा परकं करायची सोय.

याचं समर्थन मला माहीत आहे आणि ते पोकळ नाही. खोटी लग्नं होतात. कागदासाठी लग्न लावून देणारे दलाल असतात, आणि कुठल्याही सरकारला 'लग्न केलं ना, या मग' असं म्हणून चालत नाही. पडताळणी हवीच. पण खोटं लग्न पकडणं आणि खऱ्या लग्नातल्या माणसाला घरी बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी मुलाखत घ्या, फोटो मागा, शेजाऱ्यांना विचारा. काम बंद ठेवून कुठलं खोटं लग्न पकडलं जातं? उलट त्याने खऱ्या लग्नातला एक माणूस पैशासाठी दुसऱ्याच्या हाताकडे बघत राहतो, आणि नवरा वाईट निघाला तर ती बाई तिथून निघणार कशी, हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नसतो.

दोन रकाने करून बघा. १९३० ची एलिझाबेथ: तेव्हाचा कायदा अशा लग्नात मुलीचं नागरिकत्व काढून घेई, पण काम अडवत नसे. आजची एच-४ वरची मैत्रीण: नागरिकत्व शाबूत, पासपोर्ट स्वतःचा, आणि काम मात्र अडलेलं. नव्वद वर्षांत आपण पहिला रकाना दुरुस्त केला. बायकांनी खटले हरत, कायदे बदलवत तो दुरुस्त करून घेतला. दुसरा तसाच पडून आहे. त्याची दुरुस्ती अवघड नाही, हे दाखवून देणारे देशही आहेत.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी लग्न करून जोडीदाराच्या देशात निघाला असाल, किंवा कुणाला इकडे आणत असाल, तर व्हिसा किती दिवसांत मिळतो हे तर विचाराच. पण त्याआधी आणखी दोन प्रश्न विचारा. तिथे गेल्यावर मला स्वतःच्या नावावर काम करता येईल का? आणि उद्या हे नातं राहिलं नाही, तर मी तिथे राहू शकते का? साखरपुड्याच्या बैठकीत हे बोलायला कसंतरी वाटतं, मान्य आहे. पगार, फ्लॅट, गोत्र सगळं विचारून होतं, त्यात हे दोन प्रश्न बसवायला हरकत नसावी.

के. ई. एम. मध्ये आजही हात निकामी झालेल्या माणसाला पुन्हा बटण लावायला शिकवलं जातं. त्या माणसाला हे कुणी सुरू केलं ते माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नाही. सुरू करणाऱ्या बाईला त्या वेळी कुणी काम करण्यापासून अडवलं नाही, एवढं आपण लक्षात ठेवलं तरी पुरे.